आनुवंशिक रक्तविकारांतील नॅनोतंत्रज्ञान

आनुवंशिक रक्तविकारांतील नॅनोतंत्रज्ञान म्हणजे जनुकीय दोषामुळे होणाऱ्या रक्तविकारांचे निदान व उपचार यांसाठी साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांचा आणि रचनांचा केलेला वापर होय. १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. म्हणून या शाखेला मराठीत अब्जांश तंत्रज्ञान असेही म्हणतात. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे या गटातील प्रमुख विकार आहेत. नॅनोकणांवर आधारित निदान चाचण्या प्रत्यक्ष वापरात आल्या आहेत. उपचारांचे बहुतेक काम मात्र अद्याप प्रयोगशाळेतील पेशी व प्राणी यांच्यापुरते मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर असतो, तर तिच्यातील हिमोग्लोबिनचा रेणू जेमतेम ५ ते ६ नॅनोमीटरचा असतो. आनुवंशिक रक्तविकारांचे मूळ याच सूक्ष्म पातळीवर असते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या प्रकारे सरकते, हे दाखवून या आजाराला ‘रेणवीय आजार’ म्हटले. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आल्याचे सिद्ध केले. या एका बदलामुळे ऑक्सिजन कमी झाल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनवतात, पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि केशवाहिन्यांत अडकते.

थॅलेसेमियात हिमोग्लोबिनची एखादी साखळी पुरेशी तयार होत नाही, तर हिमोफिलियात रक्त गोठवणाऱ्या घटकाची उणीव असते. सिकलसेल व बीटा थॅलेसेमिया या दोन्हींत आई आणि वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकांना सहसा कोणताही त्रास होत नाही. त्यामुळे चाचणी केल्याशिवाय वाहक ओळखता येत नाहीत.

निदान

सिकलसेलसाठी प्राथमिक चाचणी म्हणून विद्राव्यता चाचणी दीर्घकाळ वापरली जात आहे. ती स्वस्त असली तरी वाहक व रुग्ण यांतील फरक सांगत नाही. नवजात बालकांच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त असल्याने त्यांच्यासाठी ती भरवशाची नसते. अचूक निदानासाठी विद्युतकण संचलन किंवा एचपीएलसी या पद्धती वापरतात. त्यांना महागडी उपकरणे, अखंड वीज व प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात.

पट्टी चाचणी : ही उणीव कागदी पट्टीवरील चाचण्यांनी काही अंशी भरून काढली आहे. यांत विशिष्ट प्रकारचे हिमोग्लोबिन ओळखणारी प्रतिपिंडे रंगीत नॅनोकणांना जोडलेली असतात. बोटातून काढलेल्या रक्ताचा थेंब द्रावणात मिसळून पट्टीवर ओढला जातो आणि उमटलेल्या रेषांवरून निरोगी व्यक्ती, वाहक आणि रुग्ण हे तिन्ही गट काही मिनिटांत ओळखता येतात. अशा अनेक चाचण्यांत सुवर्ण नॅनोकण वापरतात. एवढ्या लहान आकाराच्या सोन्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबीला सामूहिक आंदोलने करतात. त्यामुळे हे कण पिवळे न दिसता लाल दिसतात आणि रेषा साध्या डोळ्यांनी वाचता येते. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांसाठी मात्र हिमोग्लोबिन ए२चे प्रमाण मोजावे लागते, त्यामुळे तेथे एचपीएलसीला अद्याप सोपा पर्याय नाही.

नॅनोछिद्र अनुक्रमण : पटलातील सुमारे १ नॅनोमीटर रुंदीच्या प्रथिन छिद्रातून डीएनएचा धागा ओढला जातो आणि विद्युतप्रवाहात होणाऱ्या बदलांवरून त्यातील अक्षरक्रम वाचला जातो. या पद्धतीत डीएनएचे लांब तुकडे सलग वाचता येतात. म्हणून अल्फा थॅलेसेमियातील जनुकलोप किंवा हिमोफिलिया ‘ए’मधील जनुकाचा उलटलेला भाग शोधण्यास ती उपयुक्त ठरते.

उपचार

जनुकदुरुस्ती : डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी क्रिस्पर तंत्रावर आधारित ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता मिळाली. यात रुग्णाच्या रक्तजनक मूलपेशी शरीराबाहेर काढून त्यांत बदल केला जातो. त्या परत देण्यापूर्वी अस्थिमज्जेतील जुन्या पेशी तीव्र रसायनोपचाराने नष्ट कराव्या लागतात. तेथे या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे.

दुरुस्तीची सामग्री इंजेक्शनद्वारे थेट अस्थिमज्जेपर्यंत पोहोचवता आली, तर रसायनोपचार आणि पेशींवरील खर्चिक प्रक्रिया दोन्ही टाळता येतील. यासाठी कोविड-१९ च्या एमआरएनए लसींत वापरलेल्या मेदयुक्त नॅनोकणांवर संशोधन चालू आहे. हे कण रक्तात शिरल्यावर मुख्यतः यकृतात शोषले जातात, ही त्यातील मोठी अडचण आहे. २०२३ मध्ये फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी कणांच्या पृष्ठभागावर रक्तजनक मूलपेशींवरील सीडी११७ हा ग्राही ओळखणारी प्रतिपिंडे बसवली आणि उंदरांच्या अस्थिमज्जेतील मूलपेशींत बदल घडवून आणला. सिकलसेल रुग्णांच्या पेशींतील दोषही त्यांनी प्रयोगशाळेत दुरुस्त केला. त्यापूर्वी २०१८ मध्ये येल व कार्नेगी मेलन विद्यापीठांतील संशोधकांनी विघटनशील बहुवारिकांच्या नॅनोकणांतून जनुकदुरुस्तीचे रेणू देऊन उंदराच्या गर्भातच बीटा थॅलेसेमियाची तीव्रता कमी केली होती.

लोहनिष्कासन : थॅलेसेमियाच्या रुग्णाला दिलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. ते बाहेर टाकण्याची नैसर्गिक यंत्रणा शरीरात नसल्याने लोह हृदय व यकृत यांत साचते. डेफेरॉक्सामीन हे औषध रक्तातून लवकर निघून जात असल्याने ते अनेक तास त्वचेखाली सोडावे लागते. त्याचे रेणू नॅनो आकाराच्या बहुवारिकांना जोडून परिणाम लांबवण्याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत.

मर्यादा

नॅनोकणांना शरीराची प्रतिकारशक्ती परके मानू शकते आणि पुन्हा मात्रा देताना प्रतिक्रिया येऊ शकते. जनुकदुरुस्तीत अनपेक्षित जागी बदल होण्याचा धोका असतो. शरीरात सोडलेले कण प्रजनन पेशींपर्यंत पोहोचणार नाहीत, याचीही खात्री करावी लागते. उंदरांमधील यश माणसांत तसेच मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

भारतातील स्थिती

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरी भागातील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात हा आजार प्रामुख्याने विदर्भात तसेच नंदुरबार, धुळे व पालघर या आदिवासी पट्ट्यांत आढळतो. मुंबई येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आणि तिचे चंद्रपूर येथील केंद्र या विकारांवर संशोधन करतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन अशी उद्दिष्टे ठेवण्यात आली आहेत. अशा तपासणीत गावातच निकाल देणाऱ्या पट्टी चाचण्यांना विशेष महत्त्व आहे. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवल्यास निकाल व्यक्तीपर्यंत पोहोचेलच असे नसते.

दिल्ली येथील जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘फेलुदा’ ही क्रिस्परवर आधारित कागदी पट्टी चाचणी २०२० मध्ये कोविड-१९ च्या निदानासाठी प्रसिद्ध झाली. तिच्यामागील तंत्रावर सुरुवातीला सिकलसेलचे उत्परिवर्तन ओळखण्यासाठी काम चालू होते.