सोबत कुणाची, घर कुणाचं?

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या रविवारच्या फोनवर एक वाक्य हमखास येतं. "आई, एकटी राहू नकोस, कुणाला तरी ठेवून घे." त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं. "मला काय धाड भरलीये?" विषय तिथेच संपतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा सुरू होतो.

मी पीएचडी नेदरलँड्समध्ये केली आणि आता मँचेस्टरमध्ये घरं आणि शेजार या विषयावर पोस्टडॉक करते. माझी आई कोथरूडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. वय ७४. गेल्या पावसाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली. मनगटावर निभावलं, पण फोन बाहेर टीपॉयवर राहिला होता. कामाच्या मावशी येऊन बेल वाजवेपर्यंत दीड तास गेला. मला हे चार दिवसांनी कळलं. त्यामुळे हा विषय मी अभ्यासातून नाही, घाबरून काढला, आणि चुकीचा काढला. तुम्ही तो जरा बरा काढावा म्हणून हे लिहितेय.

आपण नक्की काय सुचवतोय?

"कुणाला तरी ठेव" या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. एक म्हणजे पगारी केअरटेकर. दुसरी, भाडं देणारा पेइंग गेस्ट. आणि तिसरी, सोबत. आपल्या मनात तिसरी असते, पण आई-बाबांना ऐकू येते पहिली. म्हणजे, "आता तुमचं तुम्हाला जमत नाही."

या तिसऱ्या प्रकाराला ब्रिटनमध्ये होमशेअर म्हणतात. ज्येष्ठ व्यक्तीकडे एक खोली रिकामी असते आणि तरुण माणसाला परवडेल असं घर हवं असतं. तो भाडं देत नाही. त्याऐवजी आठवड्याला साधारण १० तास घरासाठी देतो. भाजी आणणं, एकत्र जेवणं, फोनमधली भानगड निस्तरणं, आणि रात्री घरात असणं. योजना चालवणारी संस्था दोन्ही बाजूंची चौकशी करते आणि त्यासाठी फी घेते. अंघोळ घालणं, औषधं देणं अशी शुश्रूषा यात येत नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं असतं. फ्रान्सने २०१८ च्या एलान कायद्यात अशा सहनिवासाला जागा दिली. घर देणारा ६० च्या पुढचा, राहणारा ३० च्या आतला. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावात ह्युमानिटास नावाच्या वृद्धनिवासात विद्यार्थी भाडं न देता राहतात. अट एवढीच की महिन्याला ३० तास चांगला शेजारी व्हायचं.

हे सगळं आपल्याला अगदीच नवीन नाही. आजोबा गावाला गेले की शेजारची मुलगी आजीकडे "सोबतीला" झोपायला यायची. त्या मुलीला कोणी केअरटेकर म्हणत नव्हतं, आणि आजीलाही कोणी म्हातारी झालीस म्हणत नव्हतं. शब्द आपल्याकडे आहे, तोच वापरा.

त्यांची भीती खरी असते

"उद्या ती बाई घराबाहेर निघालीच नाही तर?" आईचा हा पहिला प्रश्न. मी हसण्यावारी नेला. ही माझी पहिली चूक.

आईच्या पिढीने १९४७ च्या बॉम्बे रेंट ॲक्टचा काळ पाहिलाय. भाडेकरूंना संरक्षण देणारा तो कायदा होता, पण त्याची दुसरी बाजू म्हणजे वर्षानुवर्षं चालणारे खटले आणि कधीच रिकाम्या न झालेल्या खोल्या. असं एखादं उदाहरण प्रत्येक घराच्या ओळखीत असतं. ही भीती समजूत घालून जात नाही, कागदाने जाते. आजचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. कलम २४ प्रमाणे मुदत संपली की जागा सोडावी लागते, नाहीतर दुप्पट रक्कम भरावी लागते. म्हणून "ओळखीचीच आहे" म्हणून करार टाळू नका. पोलीस ठाण्यात माहिती द्या, सोसायटीला कळवा. रक्कम नाममात्र असली तरी ती करारात लिहा.

खोली कुणाची?

सगळं समजावून झालं तरी आई अडून बसली. मी चिडून विचारलं, "आता नेमकी अडचण काय आहे?" थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझी खोली दिली तर तू आलीस की झोपशील कुठे?"

मी दोन वर्षांत दोनदा गेले होते, दोन्ही वेळा मिळून पाच आठवडे. उरलेले नव्व्याण्णव आठवडे ती खोली माझी वाट बघत होती. माझी दहावीची पुस्तकं, कपाटातले ड्रेस, भिंतीवरचं वेळापत्रक, सगळं जागच्या जागी. "परकं माणूस नको" याचा अर्थ माझ्या जागी कोणी नको, असा होता. घर वाटून घ्यायला मी आईला सांगत होते, पण त्यातलं माझं काय सोडायचं हा विचार मी केलाच नव्हता.

डिसेंबरात गेले तेव्हा कपाट मी स्वतः रिकामं केलं. ते काम फोनवरून होत नाही.

बोलताना

सुरुवात स्वतःपासून करा. "तुला गरज आहे" असं म्हणू नका. "मला रात्री झोप लागत नाही" म्हणा, कारण तेच जास्त खरं आहे. भाऊ-बहिणींशी आधी बोलून घ्या. तिघांचे तीन फोन गेले की आई-बाबांना ते कटकारस्थान वाटतं.

अटी त्यांना घालू द्या. ओटा कोण आवरणार, मांसाहार चालेल का, पाहुणे किती वाजेपर्यंत, गिझर किती वेळ, देवघरात कोण जाणार. आपल्याला या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण घर कुणाचं हे यांतूनच ठरतं. एक महिना करून बघायचं, आणि नाही जमलं तर कारण न सांगता थांबायचा हक्क दोघींनाही, हे आधीच बोलून ठेवा. आलेल्या मुलीचे तासही ठरवा. नाहीतर सोबतीच्या नावाखाली बिनपगारी कामवाली व्हायला वेळ लागत नाही. आणि तिला गुपचूप "आई गोळ्या घेते का" असं विचारू नका. ती आईची सोबत आहे, तुमची हेर नाही.

शिवाय "नाही" हेही उत्तर असू शकतं. आई-बाबांचं डोकं शाबूत असेल तर धोका पत्करायचा हक्कही त्यांचाच. मग बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, शेजारी एक किल्ली ठेवा आणि गप्प बसा.

आमच्याकडे आता नांदेडची एक एमएस्सी करणारी मुलगी राहते. गिझरवरून दोनदा वाजलंय. परवा फोन केला तर आई घाईत होती. "नंतर बोलू गं, आम्ही जेवतोय."

मला जरा लागलं, खरं सांगते. मग बरं वाटलं.