एका जोडणीवर दोन संगणक

हल्लीं गडचांदुरासारख्या गांवीं ज्या घरांत शिकणारीं दोन-तीन मुलें आहेत, तेथें संगणकही दोन असणें हें नवल राहिलें नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज ११ चालविण्यास अपात्र ठरलीं. अशा वेळीं नवा संगणक महाविद्यालयांत जाणाऱ्या ताईकडे जातो, व जुन्यावर कोणी जाणता मनुष्य लिनक्स घालून तो शाळकरी भावंडांच्या स्वाधीन करतो. यंत्र मोडींत जाण्याचें वांचतें, ही मोठीच बचत होय. परंतु इंटरनेटची जोडणी मात्र घरांत एकच! शिष्यवृत्तीचा अर्ज आधीं कीं गणिताचा पाठ आधीं, यावरून कलह सुरू होतो; आणि त्यांत शेजारचा एखादा शहाणा सांगून जातो कीं, विंडोजचें इंटरनेट लिनक्सला चालत नाहीं. हें सांगणें निखालस चुकीचें आहे. तें कां, एवढें समजलें म्हणजे पुढील कृति सुलभ होते; म्हणून प्रथम तेंच पाहूं.

लिनक्सचा आरंभ १९९१ सालीं हेलसिंकी येथें लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें हौसेखातर केला. पुढें जगांतील हजारों लोकांनीं त्यास हातभार लावला. विंडोज ही एका कंपनीची मालमत्ता. दोहोंची घरांतील चालरीत भिन्न आहे, व एकीकडचा कार्यक्रम दुसरीकडे सहसा चालत नाहीं, हें खरें. तथापि उंबरा ओलांडून रस्त्यास लागलें कीं दोहोंस एकच नियम पाळावा लागतो. त्यास टीसीपी-आयपी म्हणतात. अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यानें तो १ जानेवारी १९८३ पासून लागू केला, आणि आजचें इंटरनेट त्याच पायावर उभें आहे. पत्रावर पत्ता नीट असला म्हणजे तें लिहिणारा घरीं मराठी बोलतो कीं गोंडी, हें टपालवाला विचारीत नाहीं; तसाच हा प्रकार.

पत्त्यांची मात्र टंचाई आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटीच होतात, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती सांठा फेब्रुवारी २०११ मध्यें वांटून संपला. नव्या पद्धतीचे पत्ते विपुल आहेत खरे, परंतु जुने अद्याप सुटलेले नाहींत. म्हणून घरास बहुधा एकच पत्ता मिळतो. मोबाईलच्या जोडणींत तर पुष्कळ ग्राहकांत मिळून एक असतो. घरांतील यंत्रांकरितां १९२.१६८ किंवा १० या अंकांनीं सुरू होणारे पत्ते राखून ठेविले आहेत. ते उंबऱ्याच्या आंतच चालतात, त्यामुळें तेच अंक असंख्य घरांत एकाच वेळीं नांदूं शकतात.

मग बाहेर पत्ता एक व आंत यंत्रें दोन, तर आलेलें उत्तर कोणाचें हें कळावें कसें? आपल्या भागांतील सिमेंटच्या कारखान्यासारख्या मोठ्या कचेरीची रीत डोळ्यांपुढें आणावी. सर्व खात्यांचीं पत्रें एकाच नांवानें बाहेर जातात. कारकून प्रत्येकास जावक क्रमांक देतो व तें कोणत्या खात्याचें हें वहींत टिपतो. उत्तर त्या क्रमांकाचा हवाला घेऊन येतें. कारकून वही पाहून तें योग्य खात्याकडे धाडतो. जोडणी वांटून देणारें यंत्र हेंच काम निमिषांत करतें. त्याच्या वहींतील क्रमांकांस पोर्ट म्हणतात, व या सर्व युक्तीस नॅट असें नांव आहे. ज्या आगंतुक पत्रावर वहींतील क्रमांक नाहीं, तें टाकून दिलें जातें. हें थोडेंबहुत संरक्षणच होय. यंत्र विंडोजचें कीं लिनक्सचें, हें पाहण्याचें कारकुनास कारणच पडत नाहीं.

घरीं फायबर असेल तर भिंतीवरील राउटर हाच कारकून. मोबाईलचा हॉटस्पॉटही तेंच करतो. दोन्ही संगणक त्याच्या वाय-फायला जोडले कीं काम झालें. अडचण येते ती जुन्या यंत्रांत वाय-फाय नसतें, किंवा असून तें लिनक्सला ओळखतां येत नाहीं तेव्हां. अशा वेळीं दोन संगणकांमध्यें नेटवर्कची साधी केबल टाकावी, व मोबाईल यूएसबी तारेनें त्यांपैकीं एकास जोडून त्यालाच कारकून करावें.

तो मान विंडोजला द्यावयाचा असेल, तर ‘नेटवर्क कनेक्शन्स’ या यादींत मोबाईलची जोडणी निवडून तिच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’ या पानावर पहिल्या चौकटींत खूण करावी. केबलच्या बाजूस विंडोज स्वतः १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतें. लिनक्सला कारकून करावयाचें असल्यास केबलच्या जोडणीच्या सेटिंगमध्यें, ‘आयपीव्ही४’ या पानावर, ‘शेअर्ड टु अदर कॉम्प्युटर्स’ हा पर्याय घ्यावा. तेथें पत्ता बहुधा १०.४२.०.१ असतो. दुसऱ्या यंत्रानें केवळ आपला पत्ता आपोआप मागून घ्यावा. माझा कौल लिनक्सकडे आहे, कारण संगणक बंद करून पुन्हां सुरू केल्यावर विंडोजचें वांटप कधीं कधीं थांबतें, व खूण काढून पुन्हां करावी लागते. कारकून कोणीही असो, तो जागा पाहिजे. तें यंत्र निजलें कीं दुसऱ्याचेंही इंटरनेट गेलें.

बिघाड शोधतांना क्रम सोडूं नये. दुसऱ्या संगणकास पत्ता मिळाला कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. विंडोजवर तो १६९.२५४ नें सुरू होत असेल, किंवा लिनक्सवर मुळींच नसेल, तर दोष केबलचा वा खुणेचा. पत्ता ठीक असेल तर दोन्ही प्रणालींत असलेली ‘पिंग’ ही आज्ञा देऊन ८.८.८.८ कडून उत्तर येतें का पाहावें. तें येतें, पण संकेतस्थळ नांवानें उघडत नाहीं, तर रस्ता शाबूत असून नांवांवरून पत्ते सांगणारी डीएनएस नांवाची सोय तेवढी बिघडली आहे असें समजावें.

कारकून पत्रें मोजतो, खर्च मोजीत नाहीं. मोबाईलवरील रोजचा डेटा ठराविक असतो. परंतु केबलनें जोडलेल्या विंडोज-यंत्रास तो अमर्याद वाटतो, आणि तें न विचारतां मोठालीं अद्यतनें उतरवून घेऊं लागतें. सकाळीं ताईनें पाठ उघडला कीं डेटा संपलेला! याकरितां विंडोजमध्यें त्या जोडणीस ‘मीटर्ड कनेक्शन’ ठरवावें, व लिनक्सचीं अद्यतनें आपण सांगूं तेव्हांच यावींत असें करावें. तीं कायमचीं बंद मात्र करूं नयेत. रोजचा डेटा मध्यरात्रीं नव्यानें मिळत असेल, तर निजण्यापूर्वीं त्या दिवसाचा जो उरला असेल तो त्यांच्याकडे लावावा.