कोंबडी खुडूक आहे की अंडं अडकलंय? फरक वेळीच ओळखा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत दारातल्या चार-पाच कोंबड्या म्हणजे घराची अडीअडचणीची शिल्लक. अशी एखादी कोंबडी दिवसभर टोपलीत बसून राहिली, की घरचे म्हणतात, "खुडूक झाली." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कधी कधी तिच्या पोटात अंडं अडकलेलं असतं, आणि उपचार न मिळाल्यास ती एक-दोन दिवसांत दगावू शकते.

फरक कसा ओळखायचा?

खुडूक कोंबडी तरतरीत असते. हात नेला की पिसं फुलवते, चोच मारते. दिवसातून एखाद्या वेळी उठून खाते, पाणी पिते.

अंडं अडकलेली कोंबडी मलूल दिसते. शेपटी खाली पाडून पाय फाकवून उभी राहते, पुन्हा पुन्हा जोर करते. खाणं सोडते, विष्ठा थोडी पडते किंवा थांबते. पोटाच्या मागच्या भागाला हलक्या हाताने स्पर्श केल्यास कधी कधी टणक गोळा लागतो.

एकाच वेळी अनेक कोंबड्या मलूल झाल्या, तर मात्र मानमोडीसारख्या साथीची शंका घ्या.

अंडं का अडकतं?

अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले सुमारे २० तास कवच बनण्यात जातात आणि त्यासाठी जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच हवं असतं. भाताच्या पट्ट्यात कोंबड्यांना मुख्यतः कणकी आणि कोंडा मिळतो, त्यात कॅल्शियम फार कमी. त्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की कोंबडी धापा टाकते, कमी खाते आणि कवच पातळ होतं. पहिल्यांदाच अंडी घालणाऱ्या, म्हाताऱ्या किंवा फार लठ्ठ कोंबड्यांना धोका जास्त.

घरी काय करायचं?

- कोमट पाण्याच्या टोपल्यात पोटापर्यंत १५-२० मिनिटं बसवा. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम हवं.
- नीट पुसून शेपटीखालच्या जागेला थोडं खोबरेल तेल लावा.
- इतर कोंबड्यांपासून दूर, शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. प्यायला पाणी द्या.

पोट दाबू नका, अंडं आत फोडू नका. कवचाच्या तुकड्यांनी आतून जखम होते. काही तासांत अंडं पडलं नाही, किंवा लाल मांस बाहेर आलं, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. कॅल्शियमचं इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यायचं.

पुन्हा होऊ नये म्हणून

शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून बारीक केलेली अंड्याची टरफलं वेगळ्या भांड्यात ठेवा. कोंबडी गरजेपुरतं उचलते. उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी हवंच. आणि कोंबडी टोपलीत बसून राहिली, तर "खुडूक" म्हणण्याआधी एकदा तिच्याजवळ हात नेऊन बघा. चोच मारली, तर बहुधा काळजीचं कारण नाही.