विमानातून कुत्रा : खरे काय, खोटे काय

मंडळी, विमानातून माणूस जातो, आंब्याची पेटी जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कुत्रा जातो का? जातो. कसा जातो, ते आम्ही सांगतो.

लालबागच्या एका चाळीत आमचे एक जुने मित्र राहतात. गिरणीतून निवृत्त झाले. त्यांचा मुलगा नोकरीला जर्मनीत गेला. पुढे ऑगस्टमध्ये सूनबाई आणि सात वर्षांचा नातू जाणार, असे ठरले. नातू हटून बसला. "मोत्याला सोडून मी येणार नाही." मोत्या म्हणजे त्यांचा कुत्रा. साधा, गावठी.

मग चाळीत सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, "विमानाच्या पोटात हवा नसते. कुत्रा गारठून मरतो." दुसरा म्हणाला, "झोपेची गोळी द्या." तिसरा म्हणाला, "तिकडे सहा महिने कोंडून ठेवतात." चौथा म्हणाला, "त्यापेक्षा कोकणात नेऊन सोडा." एप्रिल आणि मे असेच गेले. शेवटी सूनबाई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, खरं काय ते तुम्हीच सांगा."

आम्हांलाही ठाऊक नव्हते. तेव्हा आम्ही त्यांना घेऊन परळला गेलो. तिथे जनावरांचे मोठे जुने इस्पितळ आहे. लोक त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. 1886 साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. तिथल्या डॉक्टरांनी एकेक गोष्ट समजावली.

पहिली गोष्ट हवेची. प्रवासी विमानात माणसे बसतात तिथे जेवढा हवेचा दाब असतो, तेवढाच खाली सामानाच्या जागेतही असतो. जनावरे ठेवतात तो भाग उबदारही ठेवतात. खरी भीती असते ती जमिनीवरच्या उन्हाची. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मुळातच श्वास कमी पडतो. म्हणून पुष्कळ कंपन्या त्यांना नेतच नाहीत.

दुसरी गोष्ट गोळीची. ती देऊ नये. गुंगीच्या औषधाने श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो. उंचावर हवा थोडी विरळ असते, तिथे हे जिवावर बेतते. शिवाय गुंगीतल्या कुत्र्याला पेटीत तोल सावरता येत नाही. त्यापेक्षा आधी काही आठवडे त्याला पेटीतच जेवू घालावे. पेटी अशी हवी, की कुत्र्याला आत उभे राहता येईल, वळता येईल, निजता येईल.

तिसरी गोष्ट कोंडण्याची. ब्रिटनमध्ये तसा नियम खरोखरच होता. भारतातून नेलेल्या कुत्र्याला 2011 सालाच्या अखेरपर्यंत तिथे सहा महिने वेगळे ठेवीत. आता कागद पुरे असतील तर ठेवीत नाहीत. नियम गेला, त्याची अफवा तेवढी उरली.

आणखी एक गोष्ट लोक सांगतात, की विमानातला सगळा डबाच विकत घ्यावा लागतो. सप्टेंबर 2021 मध्ये एका प्रवाशाने मुंबई ते चेन्नई विमानात आपल्या लहान कुत्र्यासाठी पुढच्या वर्गाच्या सगळ्या जागा घेतल्या होत्या. पण ती त्याची हौस होती, नियम नव्हता.

मग नियम कोणते? खरा नियम पिसाळण्याच्या रोगाचा. हा रोग झाला की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून युरोपातले देश फार जपतात. आधी कुत्र्याच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. तिचा 15 आकडी नंबर असतो. मग लस टोचतात. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली याचा पुरावा राहत नाही. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन मान्य प्रयोगशाळेत तपासतात. रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. रोग आधीच अंगात लपलेला असेल, तर तो या मुदतीत बाहेर पडावा, हा हेतू. शेवटी निघण्याच्या थोडे दिवस आधी सरकारी पशुवैद्याचा दाखला घ्यावा लागतो.

सूनबाईंनी बोटांवर हिशेब केला. जूनमध्ये चिप आणि लस. जुलैत रक्त. म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत मोत्याला जाता येत नाही! त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मोत्याला दर वर्षी लस टोचली होती, पण चिप नव्हती. एप्रिलमध्येच विचारले असते, तर दोन महिने वाचले असते.

ऑगस्टमध्ये नातू रडत गेला. जाताना आपला जुना सदरा मोत्याच्या पेटीत ठेवून गेला. आजोबांनी चार महिने मोत्याला सांभाळले. नोव्हेंबरमध्ये मुलगा स्वतः आला आणि त्याला घेऊन गेला. मोत्या सुखरूप पोचला. आजोबांना मात्र आता खोली रिकामी वाटते.

मंडळी, देशोदेशीचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतात. म्हणून दहा तोंडांना विचारण्यापेक्षा एक कागद वाचावा. कागदावरची तारीखही वाचावी. तारीख जुनी असेल, तर नवा कागद मागावा.