सागाची फळी की भुशाची?

आमच्या धुळ्याच्या जुन्या घराचा मागचा सज्जा मागच्या वर्षी श्रावणात एका पावलाने खचला. पाऊल आईचे होते. वय ऐंशीच्या पुढचे आणि हातात डाळीचे सूप. सुदैवाने पायाला खालचा सर लागला आणि सारे डाळीवरच निभावले. पण त्या दिवशी घरात जो वाद सुरू झाला तो गुढीपाडव्यापर्यंत मिटला नाही. नव्या फळ्या सागाच्याच घालायच्या, की हल्ली मिळतात त्या प्लॅस्टिक-लाकडाच्या?

नव्या फळीचे वकीलपत्र माझ्या भाच्याने घेतले होते. तो कॅनडात विनिपेगला असतो. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, आणि घरामागे फळ्यांचा ओटा असण्याची तिकडे चाल आहे. "मामा, लाकूड पाणी पिते. त्या पाण्याचे बर्फ झाले की फळी उकलते. दर एकदोन वर्षांनी तेलपाणी करीत कोण बसणार?" लाकडाचा भुसा वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये कालवून साच्यातून काढलेली ही फळी, अमेरिकेत १९९० च्या दशकात ती रुळली. वाळवीला तिची फारशी गोडी नाही. मात्र बर्फ ओढायला लोखंडी फावडे घेतले की तिच्यावर ओरखडे उठतात आणि दव गोठले की तिच्यावरूनही पाय सटकतो, एवढे त्याने खोदून विचारल्यावर कबूल केले.

आता विनिपेगचा न्याय खानदेशाला कसा लावावा? आमच्याकडे बर्फ नाही. आमच्याकडे मे महिना आहे. मी नोकरीनिमित्त जळगावला राहतो. प्लॅस्टिकच्या नळ्यांनी नाव काढलेले हे गाव, तेव्हा प्लॅस्टिकशी माझे वैर नाही. दुकानातून नमुन्याचा तुकडा आणला, सागाच्या तुकड्याशेजारी गच्चीवर ठेवला आणि पारा ४४ वर असताना दुपारी दोन वाजता अनवाणी उभा राहिलो. सागाने चटका दिला, पण उभे राहू दिले. दुसऱ्या तुकड्यावर पाय टेकला तो उचलण्यासाठीच. (मराठीचा प्राध्यापक एका पायावर नाचताना शेजाऱ्यांनी पाहिला, ते असो.) नमुना गर्द तपकिरी होता, फिका असता तर कमी तापला असता, हे खरे. पण आई सज्जात पायताण घालून कधीच बसायची नाही.

शिवाय दोघींच्या खोडी निराळ्या. साग पावसाळ्यात रुंदीला किंचित फुगतो. ही फळी उन्हाने लांबीला वाढते. पौषातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत बारा फुटी फळी पाव इंचाच्या आसपास वाढू शकते. टोकांना जागा सोडली नाही तर ती उचलणार. आणि तिला साधारण सोळा इंचांवर आधार लागतो. आमचे सर तर दोन-दोन फुटांवर.

सुताराने नमुना उलटासुलटा केला. "हाई काय शे, भाऊ?" एवढेच म्हणाला आणि तो बाजूला ठेवून सरांची टोके पटाशीने टोचू लागला. सर सातपुड्यातल्या अंजनाचे. मधे लोखंडासारखे टणक, पण भिंतीत गेलेली टोके पोकळ. वाळवी भिंतीतल्या मातीतून आली होती. आम्ही आठ महिने वरच्या फळीवरून भांडत होतो, आणि फळी कोणतीही घातली तरी तिच्याखाली हेच लाकूड राहणार होते!

मग निम्मे पैसे तिथेच गेले. कुजलेली टोके कापली आणि सर भिंतीबाहेर लोखंडी तुळईवर घेतले. वर, आईच्या बसण्याच्या जागी, एका पाडलेल्या वाड्याचा जुना साग रंधून घातला. मोरीकडच्या कोपऱ्यात, जिथे ऊन येत नाही आणि पाणी हटत नाही, तिथे जादा सर टाकून भाच्याच्या फळ्या बसवल्या. त्याला छायाचित्र पाठवले. "अर्धा खटला तरी जिंकलो," असे त्याचे उत्तर आले.

पाणी निथळावे म्हणून सुताराने फळ्यांमध्ये एकेक सुताची फट ठेवली आहे. आई पहिल्याच दिवशी पाट घेऊन तिथे बसली. आता तिची तक्रार एकच : निवडलेली तूरडाळ फटीतून परसात गळते, आणि खाली चिमण्या वाट पाहत बसलेल्या असतात.