चार तास सगळ्यांना सारखेच का?

मी पिंपरीत डायलिसिस तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत चाकणच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे बरेच. त्यातल्या एकाने मागे विचारले, "आज तीनच तासांत सोडा ना. दुपारच्या पाळीची बस चुकते, खाडा पडतो." मागणी गैर नव्हती. पण उत्तर हिशेबानेच द्यायला हवे होते.

हा हिशेब अमेरिकेतील फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी १९८५ मध्ये मांडला. 'के' म्हणजे दर मिनिटाला किती रक्त युरियापासून साफ होते ते. 'टी' म्हणजे वेळ. 'व्ही' म्हणजे शरीरातले एकूण पाणी, कारण युरिया त्या सगळ्या पाण्यात मिसळलेला असतो. टाकी केवढी हे पाहिल्याशिवाय पंप किती वेळ चालवायचा ते ठरत नाही, तसेच हे. के आणि टीच्या गुणाकाराला व्हीने भागायचे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्याचे उत्तर दर वेळी किमान १.२ यावे लागते.

आता उदाहरण घ्या. मिनिटाला २०० मिलिलिटर साफ होत असेल, तर चार तासांत ४८ लिटर होते. ४८ किलोच्या बाईंच्या शरीरात साधारण २४ लिटर पाणी. उत्तर आले २. आमच्या या कामगाराचे वजन ८० किलो, पाणी साधारण ४६ लिटर. उत्तर जेमतेम १.०४. तीन तासांत सोडले तर ०.७८! त्याला खरे तर साडेचार तासांहून थोडे अधिक हवेत, नाहीतर मोठा डायलायझर आणि रक्ताचा वाढवलेला वेग.

मग बाईंना लवकर सोडायचे का? तसेही नाही. साचलेले पाणी घाईने काढले तर रक्तदाब कोसळतो, आणि फॉस्फेट सावकाशच निघते. शिवाय कागदावरचे उत्तर डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा युरिया तपासून पडताळावे लागते. अंतिम निर्णय डॉक्टरांचाच.

हे सगळे मी त्याला एका कागदावर मांडून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी लवकर उठतो तेव्हा घाण अंगातच घेऊन जातो." पुढच्या आठवड्यात त्याने तो कागद आपल्या साहेबांना दाखवला आणि डायलिसिसच्या दिवशी उशिरा यायची परवानगी मिळवली.

आपल्या घरात कुणाचे डायलिसिस चालू असेल, तर "किती तास?" एवढ्यावर थांबू नका. "आमचा आकडा किती?" हेही विचारा.