घोड्याचे दुखणे आणि घरचा पैसा

ज्याच्या दारात घोडा बांधलेला आहे, त्याला घोड्याचे मोल आम्ही सांगायला नको. माथेरानच्या डोंगरावर खासगी मोटारींना बंदी आहे. तिथे माणसे घोड्यावर बसतात आणि सामानही घोड्यावरून जाते. मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरणारे धनगर बांधव बिऱ्हाडाचा बोजा घोड्यावर लादतात. कुणी वरातीला घोडी देतो, कुणी टांगा चालवतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडा गाव आहे. दत्तजयंतीच्या सुमारास तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. कितीतरी जण आपली सारी पुंजी एका जनावरात घालून तिथून घरी येतात.

असे जनावर एका रात्रीत आजारी पडू शकते. मग संकट दोन बाजूंनी येते. एकीकडे कमाई थांबते. दुसरीकडे खर्च सुरू होतो. कधी कधी घोडाही जातो आणि कर्जही मागे राहते. असे होऊ नये म्हणून काय करता येईल, ते या पाठात पाहू.

घोड्याचे पोट नाजूक का?

घोड्याला अनेक आजार होतात. पण अचानक येणारा आणि जिवावर बेतणारा आजार म्हणजे पोटशूळ, म्हणजेच पोटात कळा येणे.

घोड्याचे शरीर मोठे, पण जठर लहान असते. मोठ्या घोड्याच्या जठरातही दहा-पंधरा लिटरच मावते. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. बैल, गाय रवंथ करते. घोडा रवंथ करीत नाही. जे खाल्ले ते पुढेच गेले पाहिजे. पुढे आतडे लांबलचक आहे. त्याला वळणे आहेत, काही ठिकाणी ते अरुंद होते. अशा जागी कोरडा चारा अडकून बसतो. कधी वायू भरून पोट फुगते. कधी आतड्याला पीळ पडतो. पीळ पडला की तिथले रक्त थांबते आणि आतडे मरू लागते. मग दिवसांचा नाही, तासांचा हिशेब असतो.

दुखणे कसे ओळखावे?

घोडा चंदीला तोंड लावत नाही. पुढच्या पायाने जमीन उकरतो. वळून वळून आपल्या कुशीकडे पाहतो. मागच्या पायाने पोटावर लाथ मारतो. खाली बसतो, उठतो, लोळतो. काम न करता घाम येतो. लीद थोडी होते किंवा बंद होते. यांतले एखादे लक्षण दिसले तरी सावध व्हावे.

पण आजारी घोडा ओळखायचा तर आधी निरोगी घोडा ठाऊक पाहिजे. म्हणून घोडा बरा असताना त्याची नाडी मोजून ठेवा. जबड्याच्या खालच्या कडेला बोटे लावली की नाडी लागते. घड्याळ लावून अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. मोठा घोडा शांत उभा असेल तर मिनिटाला २८ ते ४४ ठोके पडतात. श्वास ८ ते १६ असतात. अंगातला ताप ९९ ते १०१ अंशांच्या आसपास असतो. पोट दुखत असताना नाडी साठाच्या वर गेली, तर दुखणे मोठे आहे असे समजावे.

आणखी दोन खुणा आहेत. घोड्याचा ओठ वर करून हिरडी पाहा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी व ओलसर असते. बोटाने दाबून सोडली की ती पांढरी होते, आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. दुसरी खूण पोटाची. कुशीला कान लावला की आत गुरगुर ऐकू येते. ती अगदी बंद झाली, तर ते लक्षण वाईट.

आता तुम्हाला लिहिता येते. मग घोड्यासाठी एक वही करा. नाडी, श्वास, चंदी किती, जंताचे औषध कधी दिले, टोचणी कधी झाली, हे सारे तीत लिहा. आजाराच्या वेळी डॉक्टर फोनवर हेच विचारतात. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. वहीला आठवते.

डॉक्टर येईपर्यंत काय करावे?

पहिली गोष्ट, डॉक्टरला लगेच कळवा. “सकाळपर्यंत बघू” म्हणू नका. गावाजवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे, तो केव्हा उघडतो, डॉक्टरचा फोन कोणता, हे आधीच भिंतीवर लिहून ठेवा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा फुकट फोन आहे. तोही लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, समोरचा चारा आणि चंदी काढून घ्या. दुखायला कधी लागले, शेवटची लीद कधी झाली, ते वहीत लिहा.

तिसरी गोष्ट, घोडा गप्प पडून असेल तर पडू द्या. फार लोळत असेल तर मऊ, मोकळ्या जागी न्या. थोडा वेळ हळूहळू फिरवा. दमेपर्यंत पळवू नका. कळ आलेला घोडा अंगावर पडू शकतो, म्हणून लहान मुलांना दूर ठेवा.

आता काय करू नये तेही सांगतो. नळकांड्याने तेल, तूप, दारू किंवा काढा पाजू नका. पुष्कळ जण मायेपोटी पाजतात. पण ते फुप्फुसात गेले तर पोट राहते बाजूला आणि घोडा न्यूमोनियाने मरतो. डॉक्टर तेल देतात, पण ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून. ते त्यांनाच साधते. पोटावर डाग देऊ नका. त्याने आतड्याचा पीळ सुटत नाही, फक्त दुखण्यात दुखणे वाढते. माणसांच्या गोळ्याही देऊ नका.

डॉक्टरांना काय विचारावे?

डॉक्टर कळ थांबवण्याची सुई देतात. मग घोडा शांत होतो. पण शांत झाला म्हणजे बरा झाला असे नाही. लीद होते की नाही, कळ परत येते का, यावर रात्रभर लक्ष ठेवा. चारा कधी आणि किती द्यायचा, ते डॉक्टर सांगतील तसे करा.

मग चार प्रश्न विचारा. आजार कोणता? औषध किती दिवस? सगळा खर्च अंदाजे किती? घोडा बरा होण्याची आशा किती? हे विचारण्यात लाज नाही. गरिबाला खर्च विचारावाच लागतो. आधी विचारले तर डॉक्टरही परवडेल असा मार्ग सुचवू शकतात. दिलेल्या पैशाची पावती घ्या आणि वहीला जोडून ठेवा.

खर्चाच्या बाजू

खर्च म्हटला की आपण डॉक्टर आणि औषध एवढेच धरतो. खरे तर बाजू पाच आहेत. डॉक्टर, औषधे व सलाईन, जनावर न्यायला टेम्पो, रक्ताची तपासणी आणि बुडालेली मजुरी. शेवटची बाजू पुष्कळदा सर्वांत मोठी असते. घोडा महिनाभर उभा राहिला तरी खातोच. कमावत मात्र नाही. म्हणून पहिल्या दिवशीच पाचही बाजू लिहून बेरीज करा.

पैसा हाताशी नसेल तर पाय सावकाराकडे वळतात. तिथे जाण्याआधी हिशेब पाहा. शेकडा पाच रुपये महिना व्याजाने १०,००० रुपये काढले, तर महिन्याला ५०० रुपये नुसते व्याज. वर्षाला ६,००० रुपये, आणि मुद्दल तसेच. परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही कधीच करू नका.

त्यापेक्षा तहान लागण्याआधी विहीर खणावी. घोडा कमावतो आहे तोवर त्याच्या कमाईतून रोज २० रुपये बाजूला काढा. वर्षाला ७,३०० रुपये होतात. हा घोड्याचा पैसा. तो सणाला किंवा लग्नाला मोडायचा नाही. घरात ठेवला तर उडतो, म्हणून पोस्टात, बँकेत किंवा बचत गटात ठेवा. एका तळावर दहा घोडेवाले असतील तर दहा जणांनी मिळून निधी करावा. दहाही घोडे एकाच दिवशी सहसा आजारी पडत नाहीत. पण हिशेब सर्वांसमोर मांडावा, नाहीतर निधीही जातो आणि मैत्रीही.

विमा

जनावरांच्या विम्याच्या सरकारी योजनेत घोडे, तट्टे, खेचरे आणि गाढवेही येतात. २०२४ मध्ये केंद्र सरकारने या योजनेत मालकाचा हप्ता शंभरात पंधरा रुपये केला. बाकीचा हप्ता सरकार भरते. आपल्या भागात ती कधी आणि कशी मिळते, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

एक गोष्ट नीट समजून घ्या. असा विमा साधारणपणे घोडा मेल्यावर पैसे देतो. औषधपाण्याचे देत नाही. म्हणून विमा असला तरी साठवलेला पैसा लागतोच. विम्याच्या घोड्याला ओळखीची खूण असते. ती हरवली तर लगेच कळवा. घोडा दगावला तर पुरण्याआधी कंपनीला आणि डॉक्टरला कळवा. नाहीतर पैसे मिळायला अडचण येते.

आशा नसेल तेव्हा

हे लिहिणे जड जाते, पण लिहिले पाहिजे. आतड्याला पीळ पडला असेल तर बहुधा पोट फाडून शस्त्रक्रिया करावी लागते. ती थोड्याच ठिकाणी होते. खर्च फार येतो, आणि तेवढे करूनही सगळे घोडे वाचत नाहीत. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही अशी महाविद्यालये आहेत. तिथवर न्यायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारून घरच्यांनी मिळून ठरवावे. घरातल्या बाईलाही विचारावे. कर्ज फेडताना तिचाही घाम गाळला जातो.

जनावर तडफडते आहे आणि डॉक्टर म्हणतात की वाचणार नाही. अशा वेळी त्याला वेदनेतून सोडवणे हा अधर्म नाही. ते काम डॉक्टरांनीच सुई देऊन करायचे असते. आपण लाखमोलाचा घोडा वाचवला नाही, असे मनाला लावून घेऊ नका. शेत गहाण टाकून मरणारा घोडा दोन दिवस जगवला, तर घरच्या पोरांच्या तोंडचा घास जातो. आणि आजारी घोडा आडगिऱ्हाइकाला विकू नका, कामालाही जुंपू नका. आजारी जनावराकडून काम घेणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

एका आजाराची वेगळी गोष्ट. नाकातून चिकट पू येणे, अंगावर गाठी येऊन फुटणे, ही ग्लँडर्सची लक्षणे असू शकतात. हा रोग माणसालाही होतो. असा घोडा वेगळा बांधा, हात न लावता दवाखान्यात कळवा. हरियाणात हिसारला घोड्यांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे रक्त तपासले जाते. हा रोग लपवला तर तळावरचे सगळे घोडे आणि माणसे धोक्यात येतात.

टाळणे स्वस्त पडते

स्वच्छ पाणी भरपूर द्या, उन्हाळ्यात जास्त. चंदी एकदम न देता थोडी थोडी दोन-तीन वेळा द्या. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. वाळूवर चारा टाकू नका, वाळू पोटात साठते. डॉक्टर सांगतील तेव्हा जंताचे औषध द्या. वर्षातून एकदा दात दाखवा. टोकदार दाताने चारा नीट चावला जात नाही आणि तो पोटात अडकतो. धनुर्वाताची टोचणी करून घ्या. खिळ्याच्या लहानशा जखमेनेही घोडा धनुर्वाताने जातो. एका टोचणीचा खर्च आणि एका घोड्याची किंमत, दोन्ही शेजारी लिहून पाहा.

लक्षात ठेवा

१. निरोगी घोड्याची नाडी वहीत लिहून ठेवा.
२. कळ आली की चारा काढा आणि लगेच डॉक्टरला कळवा.
३. नळकांड्याने काही पाजू नका, डाग देऊ नका.
४. खर्च आधी विचारा, पावती घ्या.
५. घोड्याच्या कमाईतून रोज थोडा पैसा घोड्यासाठी ठेवा.
६. किती खर्च झेपेल, ते घोडा धडधाकट असतानाच घरात बसून ठरवा.